सर्वांत कठीण दिवसाचं वर्णन

माझ्या भावाला आम्ही साहेब म्हणतो. तो नऊ वर्षांचा आहे, बोलत नाही, फक्त बोट दाखवतो, आणि त्याने बोट दाखवलं की घरातली सगळी माणसं धावत सुटतात. अशा माणसाला दुसरं काय म्हणणार?

साहेबांना फिरणाऱ्या गोष्टी आवडतात. पंखा, मिक्सर, सायकलचं चाक, जमिनीवर उलटं ठेवून फिरवलेलं पातेल्याचं झाकण. न आवडणाऱ्या गोष्टींची यादी बरीच मोठी आहे. केस कापणं, शिट्टी आणि माझं गाणं, एवढं सांगितलं तरी अंदाज येईल.

बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे ते घरात कमी आणि फोनवर जास्त असतात. आठवड्यातून चार दुपारी सरकारच्या दिव्यांग कल्याण कार्यालयाकडून एक मदतनीस ताई येते. तीन तास साहेब तिचे. त्या तीन तासांत आई आंघोळ करते, बाजारात जाते, नाहीतर नुसती भिंतीला टेकून बसते. पूर्वी ताई सहा दिवस यायची. मग मागच्या वर्षी कार्यालयाचा फॉर्म आला. त्यात प्रश्न क्रमांक चौदा होता: ‘मुलाच्या सर्वांत कठीण दिवसाचं वर्णन करा.’ आईने लिहिलं, ‘तसं काही विशेष नाही. गुणी आहे.’ त्या ‘गुणी आहे’मुळे आमच्या दोन दुपारी गेल्या.

म्हणून या वर्षी फॉर्म मी भरला. मी पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात उत्तरं लिहिते. पंखा छतातून निखळून जेवणाच्या ताटात पडला असं कोणी कळवलं, की ‘आपल्या पंख्याच्या जागेत झालेल्या बदलाबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं लिहिणारी मीच. दिवसभर मोठ्या गोष्टी लहान करायच्या. इथे उलटं करायचं होतं. मला वाटलं, जमेल.

शिकवायला वकीलकाकू होती. ती खालच्या मजल्यावर राहते. ती वकील नाही, पडदे शिवते. तिची मुलगी चाकाच्या खुर्चीत असते. मुलीच्या शाळेच्या दाराशी उतार बांधून घ्यायला काकू सहा वर्षं भांडली. उतार झाला तोवर मुलगी दुसऱ्या शाळेत गेली होती. काकूने तिथे नवीन भांडण काढलं. आता दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमच्यासारख्या घरांतली माणसं जमतात आणि काकू हातात मोजपट्टी घेऊन त्यांना त्यांचे हक्क शिकवते.

“चौदाव्यात चांगला दिवस लिहायचा नाही,” ती मला म्हणाली होती. “सगळ्यांत वाईट लिहायचा. पण झालेला. कळलं का, शहाणे? झालेला.”

मी चार वर्षांतले वाईट दिवस गोळा केले आणि एका दिवसात बसवले. साबणाची अख्खी वडी खाल्ली. माझा फोन बादलीत धुतला, घासून. आईच्या खांद्याला चावला. व्रण आहे, दाखवता येईल. न्हावी नुसता लांबून दिसला म्हणून पावणेदोन तास ओरडला. हे सगळं खरं. पण वाचून बघितलं तर शेवट ढिला पडल्यासारखा वाटत होता. म्हणून मी एक ओळ वाढवली: ‘तो दोनदा घरातून निसटून भर रस्त्यात गेला आहे.’

हे कधीच झालं नव्हतं. आमच्या दाराला वर, माझ्या डोक्याच्याही वर, कडी होती. होणं शक्य नव्हतं. पण ओळ छान जमली होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आईने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच कागद माझ्याकडे दिला. पुढचं मी वाचलं. ‘अर्जातील माहितीवरून सदर मूल घरी सुरक्षित नसल्याचे दिसते. त्यास निवासी केंद्रात ठेवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. गृहभेट: गुरुवार, सकाळी अकरा.’

आई म्हणाली, “निवासी म्हणजे... राहायला?”

“हो.”

“तो माझ्याशिवाय जेवत नाही, हे लिहिलं होतंस का?”

ते मी लिहिलं नव्हतं. ते फार साधं वाटलं होतं.

रस्त्याची ओळ मी कोणालाच सांगितली नाही. आईने फॉर्म पाठवायच्या आधी वाचला नव्हता. तिचा माझ्यावर विश्वास होता. कामावर मी एका गृहस्थांना ‘आपला पंखा सुरक्षित हाती सोपवण्यात येईल’ असं लिहिलं आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले.

बुधवारी संध्याकाळी वकीलकाकूने आमच्या घराची पाहणी केली.

“हे बघ,” ती आईला म्हणाली, “घर असं दिसलं पाहिजे की मुलगा इथे सुखात आहे. म्हणजे तो राहील.”

“बरं.”

“आणि असंही दिसलं पाहिजे की तुम्ही पार थकलायत. म्हणजे मदत राहील.”

“मी थकलेलीच आहे.”

“तू हसतेस ना पाहुणे आले की. हसू नकोस. पण रडूही नकोस. रडलीस तर लिहितील, आई खचलेली आहे.”

आईने सगळी भांडी घासली. मग मी दोन खरकटी करून परत ठेवली. मग आईने त्यातलं एक घासलं. साहेबांनी उद्या फार शहाण्यासारखं वागू नये आणि फार वेड्यासारखंही वागू नये, मध्यम वागावं, असं आमचं एकमताने ठरलं. तसं साहेबांना कळवण्यात आलं. साहेब पंख्याकडे बघत होते.

मग काकूची नजर दारावर गेली.

“ही कडी?”

“तो बाहेर जाऊ नये म्हणून,” आई म्हणाली.

“तुला माहितीये, मला माहितीये. तपासणीच्या बाई लिहितील, मुलाला कोंडून ठेवतात. मागे त्या दुधवाल्याच्या सुनेच्या कागदात असंच लिहिलं. काढा ती.”

गुरुवारी सकाळी मी स्टुलावर चढून कडी काढली. चार भोकं उरली. ती बुजवायला घरात काही नव्हतं म्हणून मी टूथपेस्ट भरली. लांबून रंग वाटत होता. जवळून पुदिना.

बरोबर अकराला तपासणीच्या मॅडम आल्या. मी राक्षसीण येईल असं धरून चालले होते. आल्या त्या आईच्याच वयाच्या, चपलेचा एक पट्टा तुटलेला, जिना चढून धापा टाकणाऱ्या. त्याने मला जास्तच भीती वाटली. राक्षसिणीला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

“पुदिन्याचा वास येतोय का?” त्या म्हणाल्या.

“चहात घालते कधीकधी,” आई म्हणाली. ती आयुष्यात पहिल्यांदा इतकं सफाईने खोटं बोलली. मग तिने बिनपुदिन्याचा चहा आणून ठेवला. मॅडमनी एक घोट घेतला आणि कपात बघितलं.

साहेब आतल्या खोलीत बसले होते आणि बादलीच्या झाकणावर चमचा वाजवत होते. टक, टक, टक. मॅडम आत जाऊन त्यांना बघून आल्या. साहेबांनी त्यांना बघितलं नाही. मध्यमच वागत होते.

मग मॅडमनी फाइल उघडली आणि प्रश्न चौदा वाचायला घेतला. माझीच वाक्यं, पण हवामानाच्या बातम्यांसारख्या आवाजात. साबण. फोन. खांदा. न्हावी. सकाळपासून आमच्याकडेच येऊन बसलेली वकीलकाकू प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मला पुढचं वाक्य माहीत होतं. मी खुर्चीची कड धरली.

“तो दोनदा घरातून निसटून भर रस्त्यात गेला आहे,” मॅडमनी वाचलं.

आई म्हणाली, “रस्त्यात?”

तेवढंच. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. काकूची मान डोलायची थांबली.

“प्रस्ताव याच ओळीमुळे आलाय,” मॅडम म्हणाल्या. “बाकीचं आम्ही रोज वाचतो. हे कधी झालं? तारखा सांगा.”

खरं सांगितलं तर अर्ज खोटा. तारीख सांगितली तर साहेब गेले. मी म्हणाले, “बघून सांगते,” आणि उठून कपाटातली वही शोधायला लागले, जी कधी नव्हतीच.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. आमच्या घरात फोनला आवाज नीट येत नाही. “एक मिनिट हं,” म्हणत त्या बाहेर जिन्यात गेल्या, दोन मिनिटांनी परत आल्या, दार ओढून घेतलं आणि बसल्या. “हं. तारखा.”

मी कपाटात डोकं घालून म्हणाले, “वही इथेच होती.” सगळे खण झाले. बाहेरच्या दाराकडे पाठ करून तिघी माझ्याकडेच बघत होत्या. मग मी इस्त्रीच्या कपड्यांची घडी मोडून परत घातली. मग एक जुनं वीजबिल लक्षपूर्वक वाचलं. आयुष्य संपत आलं की माणूस वीजबिलसुद्धा वाचतो.

आई म्हणाली, “चमचा थांबला.”

कोणाला कळलंच नाही ती काय म्हणते ते. मग कळलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. ते कधी थांबलं होतं, सांगता येईना.

आतली खोली रिकामी होती. झाकण जमिनीवर होतं. बाहेरचं दार हातभर उघडं होतं, आणि मला तेव्हा आठवलं, की आमचं दार ओढून लागत नाही. कुलूप कधीच झिजलंय. त्याला धरून ठेवायची ती फक्त वरची कडी. आम्ही इतकी वर्षं ती लावत होतो, म्हणून विसरूनच गेलो होतो.

चमचा जिन्यात पडला होता, दुसऱ्या मजल्यावर.

मी अनवाणी धावले. हाक मारून उपयोग नव्हता. साहेब हाकेला वळत नाहीत. तरी मी ओरडत होते, “साहेब! साहेब!” आणि रस्त्यावरचे चार गृहस्थ वळून बघत होते. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: त्याला फिरणाऱ्या गोष्टी आवडतात. आणि रस्त्यावर फिरतं ते काय, तर चाक. बसचं चाक, टेम्पोचं चाक, सिमेंट कालवणाऱ्या गाडीचं ते मोठं पिंप. तो लांब उभा राहून बघत नाही. तो जवळ जातो. गाल टेकवतो.

माझं वाक्य खरं होत होतं. शब्दन् शब्द. भर रस्त्यात.

“कपडे कुठले?” मागून मॅडम ओरडल्या. त्यांची एक चप्पल जिन्यातच राहिली होती.

“पिवळा शर्ट,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “उलटा घातलेला. शिवण बाहेर.”

काकू डावीकडे गेली, मी उजवीकडे. आई वेडीवाकडी धावत पार्क केलेल्या गाड्यांच्या खाली वाकून बघत होती, एकेका गाडीखाली. एक बस कर्कश ब्रेक मारून थांबली. बघते तर बससमोर मॅडम. एका हातात आमची फाइल उंच धरलेली, दुसरा हात आडवा. ड्रायव्हर काहीतरी बोलला, मॅडम त्याहून वाईट बोलल्या.

“चाकाखाली बघा!” त्या त्याला ओरडल्या. “आधी उतरा आणि बघा!”

तो उतरला. त्याने वाकून बघितलं. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं, कोणाकोणाला, ते सांगत नाही. त्याने मान हलवली. कोणी नव्हतं.

तेव्हा मला रस्त्यापलीकडे, काचेमागे, पिवळं दिसलं.

धुलाईचं दुकान. आत चार मोठी मशीनं, गोल काचेच्या दाराची. साहेब एका स्टुलावर बसले होते, कपाळ काचेला लावून, आणि आत एक निळा शर्ट एकटाच गरगर फिरत होता. धुलाईवाला बाजूला बनियनवर उभा होता.

“हा तुमचा का?” तो म्हणाला. “आला आणि बसला. मी दोनदा विचारलं, बाबा, कोणाचा तू, तर ढिम्म. चालू मशीन थांबलं तसा उठून दाराकडे निघाला. धुवायचे कपडे संपले होते. मग म्हटलं, हा गेला तर कुठे जाईल, म्हणून माझाच शर्ट टाकला.”

मला त्याचे आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” मग मी तिथेच खाली बसले.

आई आली. तिने साहेबांचं मनगट धरलं ते घरी येईपर्यंत, जिना चढून, खुर्चीवर बसेपर्यंत सोडलं नाही. सोडलं तेव्हा तिथे बोटांचे लाल वळ होते. आणि मी, एवढं सगळं झाल्यावर, पहिला विचार काय केला? मॅडमना ते दिसले का.

मॅडमना दिसले. त्यांनी पाणी मागितलं, अर्धं प्यायल्या, अर्धं सांडलं.

“दार मी ओढलं होतं,” त्या म्हणाल्या.

“ते लागत नाही,” मी म्हणाले. “वर कडी होती. आज सकाळी काढली.”

“का?”

“तुमच्यासाठी.”

त्यांनी दाराकडे बघितलं. उठल्या, जवळ गेल्या, बोटाने भोक चाचपलं, बोटाचा वास घेतला आणि परत येऊन बसल्या.

“हे याआधी दोनदा झालंय,” मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाज पुन्हा हवामानाच्या बातम्यांचा व्हायचा प्रयत्न करत होता. “आज तिसऱ्यांदा. मला तसं लिहावं लागेल.”

टेबलाखाली वकीलकाकूने माझ्या पायावर पाय दिला. गप्प बस म्हणून की बोल म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

“पहिल्यांदाच झालं,” मी म्हणाले. “ती ओळ खोटी आहे. मी घातली. आईला माहीत नव्हतं, काकूलाही नव्हतं. काकूने उलट बजावलं होतं.”

“खोटी माहिती दिली तर सगळा अर्ज रद्द होतो. माहितीये तुला?”

“हो.”

“मग आत्ता कशाला सांगतेस?”

“तुम्ही ‘तिसऱ्यांदा’ लिहिणार होता.”

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती साहेबांच्या शर्टाची बाहेर आलेली शिवण बोटाने सपाट करत राहिली.

वकीलकाकूने घसा साफ केला. “मॅडम, एक विचारू? त्या केंद्रात एका बाईकडे मुलं किती?”

“आठ. कधी नऊ.”

“आणि आत्ता इथे एका मुलावर मोठी माणसं किती होती?”

मॅडमनी मोजलं. आईकडे बघितलं, माझ्याकडे, काकूकडे. तीनवर थांबल्या. मग स्वतःच्या अनवाणी पायाकडे बघून म्हणाल्या, “चार.”

“चारांत तो निसटला. तुम्ही शिकलेल्या बाई, तरी निसटला. त्याला माणसं जास्त लागतात की कमी, ते तुम्हीच लिहा. आणि लिहिलेलं सहीआधी आम्हाला वाचायला मिळालं पाहिजे. तो हक्क आहे आमचा.”

“माहितीये मला,” मॅडम चिडून म्हणाल्या. पण त्या लिहायला लागल्या. जुनी ओळ खोडून बाजूला सही केली. खाली लिहिलं: ‘मूल प्रथमच एकटे घराबाहेर गेले. हजर: आई, बहीण, शेजारीण व मी. दार मी नीट लावले नव्हते.’ मग: ‘निवासी केंद्राची शिफारस करत नाही. मदतनीस सहा दिवस द्यावी. दाराला कडी असणे आवश्यक.’ माझ्यासाठी वेगळी ओळ होती: ‘प्रश्न चौदाचे उत्तर नव्याने, खरे लिहून, सोमवारपर्यंत सादर करावे.’

मी श्वास सोडणार एवढ्यात त्यांनी पान उलटलं. “एक रकाना राहिला. मुलाचं स्वतःचं मत. इथे मी ‘लागू नाही’ लिहिते. तो बोलत नाही.”

“विचारायचं असतं,” काकू म्हणाली. “बोलणाऱ्यालाच विचारा असं नियमात कुठेय?”

मॅडम साहेबांसमोर गुडघ्यावर बसल्या. “तुला कुठे राहायचंय रे?”

साहेबांनी त्यांच्या कानातल्या हलणाऱ्या डुलाकडे बघितलं. मग त्यांची करंगळी पकडली आणि त्यांना ओढत सरळ दाराकडे नेलं.

आईचा चेहरा पांढरा पडला. मला तर वाक्य छापलेलं दिसायला लागलं: ‘मुलाने घर सोडून जाण्याची इच्छा व्यक्त केली.’ मी कामावर याहून थोडक्या पुराव्यावर याहून वाईट वाक्यं लिहिली आहेत. दार ढकललं की उघडणार होतं. साहेबांनी ते ढकललं नाही. मॅडमचा हात धरून दारावर ठेवला आणि त्यांच्याकडे वर बघत उभे राहिले. मॅडम हलल्या नाहीत, तेव्हा साहेबांनी तो हात उचलून पुन्हा दारावर ठेवला. नीट, पाची बोटं पसरून.

मॅडम बऱ्याच वेळाने टेबलाशी आल्या. रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि कागद आईकडे फिरवला. आईने ओठ हलवत एकदा वाचलं. मग पुन्हा, बोट ठेवून. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

‘बाहेर जायचे आहे. बरोबर कोणीतरी हवे आहे.’

आईने सही केली. ती चौकटीच्या बाहेर, पार पानाच्या कडेपर्यंत गेली. मॅडम म्हणाल्या, चालेल.